पोथ्यांचा शोधक अल्बेरूनी

विजयादशमीस पाटीवर सरस्वती रेखून घरोघरी ग्रंथपूजन होते, त्या वेळी आम्हांस एका परधर्मी ग्रंथोपासकाचे स्मरण होते. अबू रैहान अल्बेरूनी हे त्याचे नाव. मध्य आशियातील ख्वारिज्म देशी इ. स. ९७३ मध्ये तो जन्मला. आठव्या शतकाच्या आरंभी अरब सेनानी कुतैबाने त्या देशाचे शास्त्रज्ञ मारले, त्यांच्या पोथ्या जाळल्या. ही हकीकत अल्बेरूनीनेच पुढे अरबी भाषेत नोंदून ठेविली.

ग्रंथाचा ध्यास म्हणजे काय, ते त्याच्याकडून शिकावे. इराणी धर्मसंस्थापक मानी याच्या एका गुप्त ग्रंथासाठी तो चाळीस वर्षांहून अधिक काळ झुरत होता. अखेर हमदानहून आलेल्या जासुदाबरोबर तो ग्रंथ हाती पडला. आनंदास पारावार उरला नाही. पण वाचून पाहतो तो मृगजळ! तरीही त्यातील उतारे त्याने इतरांसाठी काढून ठेविले.

१०१७ मध्ये गझनीच्या महमूदाने ख्वारिज्म जिंकून त्यास आपल्या राजधानीस नेले. ज्या महमूदाने १०२६ मध्ये सोमनाथ भंगिले, त्याच्याच आश्रयास राहून हा पुरुष चाळिशी उलटल्यावर संस्कृत शिकू लागला! जेथे संस्कृत पोथी मिळण्याचा संभव, तेथून ती पदरमोड करून आणवावी, अर्थ सांगणारे पंडित दूरदूरहून बोलवावेत, हा त्याचा क्रम. नकलकारांच्या हयगयीने एका पोथीचा मेळ दुसरीशी बसत नाही, अशी त्याची तक्रार असे. पाठभेदांशी झुंजणाऱ्या आम्हांस ती अगदी घरची वाटते. युक्लिडाची भूमिती तो पंडितांना सांगे, आणि पंडित तिचे लागलीच श्लोक करीत. याचाही त्यास वैताग. आता श्लोकावाचून आमचे पाठांतर व्हावे कसे, हे त्यास कोणी सांगावे?

त्याचा भारतवर्णनपर ग्रंथ १०३० चा. महमूदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची समृद्धी धुळीस मिळविली, येथील विद्या काश्मीर-काशीकडे सरली आणि लोकांच्या मनात परकीयांविषयी द्वेष रुजला, हे त्याने त्यात स्वच्छ लिहिले. गीतेतील विचारही त्याने आदराने उद्धृत केले.

पतंजलींच्या योगसूत्रांचे त्याने केलेले अरबी रूपांतर कित्येक शतके अज्ञातच होते. इस्तंबूलच्या एका ग्रंथसंग्रहात, दुसऱ्याच एका हस्तलिखिताच्या समासात लिहिलेले ते आढळले, आणि १९५६ मध्ये छापून प्रसिद्ध झाले.