सात राज्यांचा एक राष्ट्रपती : शेख झायेद



राष्ट्रपतिपदाची निवडणूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिका उभी राहते. तेथे उमेदवार राज्यांची मोजदाद करीत असतो. ही राज्ये आपली, ती विरोधकांची, आणि विरोधकांपैकी एखादे राज्य या वेळी आपल्याकडे वळेल काय, याची चर्चा महिनोन्‌महिने चालते. आपल्या मॉरिशसमध्ये राष्ट्रपतीची निवड राष्ट्रीय विधानसभा करते. परंतु जगात असाही एक देश आहे की जेथे राष्ट्रपती निवडणारे मतदार अवघे सात आहेत, आणि ते सातही जण आपापल्या राज्याचे वंशपरंपरागत शासक आहेत. तो देश म्हणजे संयुक्त अरब अमिराती. आपल्या बेटावरून भारतात किंवा युरोपात जाणारे कितीतरी प्रवासी दुबईला विमान बदलतात, आणि महाराष्ट्रातील हजारो मराठी माणसे तेथे नोकरी करतात. त्या देशाचे पहिले राष्ट्रपती शेख झायेद बिन सुलतान अल नह्यान यांचे चरित्र आज आम्ही थोडक्यात सांगणार आहोत. पिढ्यान्‌पिढ्या विरोधात असलेल्या राज्यांची मते या माणसाने कशी मिळविली, हे त्यातून समजते.

शेख झायेद यांचा जन्म १९१८ च्या सुमारास अबू धाबी येथे झाला. बनी यास ही त्यांची टोळी. आजोबा थोरले झायेद यांनी १८५५ पासून १९०९ पर्यंत राज्य केले आणि अबू धाबीला किनाऱ्यावरचे बलाढ्य राज्य बनविले. त्यांच्या मागे मात्र मुलांमध्ये भाऊबंदकी माजली. १९२२ ते १९२८ या सहा वर्षांत गादीवर बसलेले तीन भाऊ एकामागून एक घरच्याच कारस्थानात मारले गेले. त्या तिघांपैकी एक म्हणजे झायेद यांचे वडील शेख सुलतान. आपल्याकडे नारायणराव पेशव्यांच्या वधाची कथा ऐकलेल्यांना असल्या घराची दशा वेगळी समजावून सांगावयास नको. झायेद यांची आई शेखा सलामा ही मोठी करारी स्त्री होती. भाऊ भावाचे रक्त सांडणार नाही, अशी शपथ तिने आपल्या चारही मुलांकडून घेतली. ती शपथ पाळली गेली. १९२८ साली थोरले बंधू शख्बूत गादीवर आले आणि त्यांनी अडतीस वर्षे राज्य केले.

धाकट्या झायेद यांचे तरुणपण अल ऐनच्या मरूद्यानात गेले. शाळेचे शिक्षण म्हणजे कुराण आणि थोडेसे लिहिणे-वाचणे. बाकी सारे ते वाळवंटातल्या टोळीवाल्यांच्या संगतीत शिकले. १९४६ साली त्यांना पूर्व भागाचे प्रतिनिधी नेमण्यात आले. हाती पैसा जवळजवळ नव्हता. त्या भागात जमिनीखालून पाणी आणणारे पाट असतात, त्यांना तेथे फलज म्हणतात. कोकणात आपले पूर्वज डोंगरातून पाटाचे पाणी बागेत आणीत, तसाच तो प्रकार. फरक इतकाच की हा पाट भुयारातून येतो. बुजलेले पाट त्यांनी उपसून घेतले, अनेक वर्षे खपून नवा पाट खणला, आणि पाण्याची वाटणी अशी लावली की गरिबाच्या खजुरीलाही पाणी मिळावे. ते स्वतः माणसांबरोबर चिखलात उतरत असे सांगतात. पाण्याचे तंटे मिटविण्याचे हे काम पुढे त्यांना फार उपयोगी पडले. दोन्ही बाजूंचे शेवटपर्यंत ऐकावयाचे, आणि उठताना कोणीही रिकाम्या हाताने जाऊ नये हे पाहावयाचे, ही सवय त्यांना तेथेच लागली.

१९५८ साली अबू धाबीच्या समुद्रात तेल सापडले आणि १९६२ साली ते परदेशी जाऊ लागले. शेख शख्बूत मात्र पैसा खर्च करावयास तयार नव्हते. शेवटी ६ ऑगस्ट १९६६ रोजी घरातील मंडळींच्या संमतीने आणि इंग्रजांच्या पाठबळाने सत्ता झायेद यांच्याकडे आली. भावाला गादीवरून उतरविले हे खरे. पण रक्त सांडले नाही. शख्बूत पुढे अल ऐनला परत आले आणि १९८९ साली म्हातारपणी शांतपणे वारले.

आता मतांचा हिशेब पाहू. समजा, १९६७ साली कोणी कागद-पेन्सिल घेऊन झायेद यांच्या बाजूची राज्ये मोजावयास बसला असता, तर त्याच्या हाती काय लागले असते? पहिले मत अबू धाबीचे, ते घरचेच. दुसरे दुबईचे. दुबई म्हणजे अबू धाबीतूनच फुटून निघालेले घर. १८३३ साली बनी यास टोळीतील सुमारे आठशे माणसे भांडून निघाली आणि दुबईच्या खाडीवर जाऊन राहिली. १९४५ ते १९४८ या काळात सीमेवरून या दोन राज्यांत प्रत्यक्ष लढाई झाली होती. शारजा आणि रास अल खैमा ही कासिमी घराण्याची राज्ये. हे लोक दर्यावर्दी. १८०९ आणि १८१९ साली त्यांच्यावर इंग्रजांच्या मोहिमा गेल्या, त्या मुंबईहूनच. कासिमींचे आणि बनी यासांचे वैर शंभर-दीडशे वर्षांचे जुने होते. अजमान व उम्म अल कुवैन ही छोटी राज्येही परंपरेने कासिमींच्या गटात मोडत. उरले फुजैरा. ते कासिमींपासूनच वेगळे झालेले, आणि इंग्रजांनी त्याला स्वतंत्र राज्य म्हणून मान्यता दिली ती १९५२ साली. म्हणजे सात मतांपैकी हक्काचे एकच, पदरात पडण्याजोगे दुसरे एखादे, आणि बाकीची सारी जुन्या विरोधकांची!

राज्यांच्या आकारातही विलक्षण तफावत होती. एकटे अबू धाबी आपल्या मॉरिशस बेटाच्या तीसपटींहून मोठे, तर अजमान बेटाच्या एक सप्तमांशाएवढे. लहानाला मोठ्याची भीती वाटणारच. नाणीदेखील वेगवेगळी. १९६६ पर्यंत या साऱ्या किनाऱ्यावर भारतीय रुपया चाले. तो गेल्यावर अबू धाबीने बहरीनचा दिनार घेतला आणि दुबईने कतारबरोबर रियाल काढला.

जानेवारी १९६८ मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केले की १९७१ च्या अखेरीस आपण आखातातून निघून जाणार. त्याच वर्षी १२ मार्चला आपले बेट स्वतंत्र झाले, हे वाचकांना आठवतच असेल. झायेद यांनी महिनाभरातच पाऊल उचलले. ते दुबईच्या शेख राशिद यांना सीमेजवळ वाळवंटात भेटले, आणि १८ फेब्रुवारी १९६८ रोजी दोघांनी आपली राज्ये एकत्र करण्याचे ठरविले. याच वेळी समुद्रातील सीमेच्या तंट्यात झायेद यांनी तेल असलेला पट्टा दुबईच्या बाजूस सोडला. श्रीमंत भावाने वाटणीत स्वतः कमी घेतले, तेव्हा धाकट्या घराचा संशय बराच कमी झाला. लहान राज्यांसाठीही रस्ते, दवाखाने, पाणी यांच्या समाईक निधीत त्यांनी अबू धाबीचा पैसा सढळ हाताने घातला होता.

तरीही मार्ग सरळ नव्हता. प्रथम बहरीन व कतार धरून नऊ राज्यांचा संघ व्हावयाचा होता. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्या संघाचे राष्ट्रपती म्हणून झायेद यांची निवडही झाली. परंतु बैठक मोडली आणि ती निवड कागदावरच राहिली. १९७१ मध्ये बहरीन आणि कतार वेगळे स्वतंत्र झाले. शेवटी २ डिसेंबर १९७१ रोजी दुबईत सहा राज्यांच्या संघाची घोषणा झाली. झायेद राष्ट्रपती आणि राशिद उपराष्ट्रपती, मुदत पाच वर्षांची. महत्त्वाच्या विषयांवर सातांपैकी पाच मते पाहिजेत, आणि त्या पाचांत अबू धाबी व दुबई दोन्ही असलीच पाहिजेत, असे घटनेत ठरले. जुन्या शत्रूच्या हाती नकाराचा अधिकार देऊन झायेद यांनी त्याचा होकार मिळविला होता.

रास अल खैमाचे शेख सकर मात्र बाहेर राहिले. त्यांना अबू धाबी व दुबई यांच्याइतकाच मान हवा होता. संघाच्या घोषणेपूर्वी दोनच दिवस इराणने त्यांची दोन बेटे बळकावली होती, आणि ज्या तेलाची आशा होती ते सापडले नाही. झायेद यांनी त्यांच्यासाठी दार उघडे ठेवले. १० फेब्रुवारी १९७२ रोजी रास अल खैमा सातवे राज्य म्हणून संघात आले. चाळीस जागांच्या राष्ट्रीय परिषदेत त्याला शारजाइतक्याच, म्हणजे सहा जागा मिळाल्या.

मते एकदा मिळाली म्हणून ती कायमची आपली झाली, असे होत नाही. पाच वर्षांनी १९७६ मध्ये राज्ये आपापली सैन्ये सोडावयास तयार होईनात. झायेद यांनी जाहीर केले की आपण पुन्हा उभे राहणार नाही. सारा देश हादरला, कारण त्यांच्यावाचून संघ टिकेल याची कोणालाच खात्री नव्हती. मनधरणी झाली. राज्यांना स्वतंत्र सैन्य ठेवू देणारे घटनेतील कलम बदलण्यात आले, आणि मग ते दुसऱ्यांदा राष्ट्रपती झाले. १९७९ मध्ये दुबई आणि रास अल खैमा पुन्हा बिथरली. राशिद सर्वोच्च मंडळाच्या बैठकीला आले नाहीत. कुवेतने मध्यस्थी केली. तोड निघाली ती अशी की खुद्द राशिद यांनीच पंतप्रधान व्हावे. सर्वांत मोठ्या विरोधकाला घराबाहेर ठेवण्याऐवजी कारभाराच्या किल्ल्याच त्याच्या हाती दिल्या! त्यानंतर १९८१, १९८६, १९९१, १९९६ आणि २००१ साली झायेद पुन्हा पुन्हा निवडून आले. २ नोव्हेंबर २००४ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत तेहतीस वर्षे ते राष्ट्रपती होते. तात्पुरती म्हणून केलेली घटना १९९६ मध्ये कायम झाली, तेव्हाच पुष्कळशी भीती संपली.

आम्ही शिक्षक आहोत, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या निवडणुकीत सामान्य नागरिकाला मत नव्हते आणि आजही नाही. राष्ट्रपती सात शासकच निवडतात. तेथे राजकीय पक्षांना परवानगी नाही. बाहेरून येऊन तो देश उभारणाऱ्या लाखो कामगारांना, त्यांत आपली मराठी माणसेही आली, त्यात बोलावयास जागा नाही. तेलाचा पैसा नसता तर एवढी उदारता जमली असती काय, असेही कोणी विचारील. हा प्रश्न रास्त आहे. पण पैसा शख्बूत यांच्याजवळही होता, आणि शेजाऱ्याला देण्याची बुद्धी झाली ती झायेद यांना.

मराठ्यांच्या इतिहासात सातारा आणि कोल्हापूर या एकाच घराच्या दोन गाद्या. १७३१ मध्ये वारणेचा तह होऊन त्यांची हद्द ठरली, तंटा शमला. पण दोन्ही घरे एका छत्राखाली आली नाहीत. आपल्या बेटावर १९६७ च्या निवडणुकीत सुमारे चव्वेचाळीस टक्के मते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली होती. तरीही दोनच वर्षांत तो पक्ष सरकारात येऊन बसला, आणि नवे राष्ट्र फुटले नाही. हे पाहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना झायेद यांची रीत परकी वाटणार नाही.

आपल्या मंडळांत आणि देवळांच्या समित्यांतही अध्यक्षाची निवड होते, आणि निवड झाली की हरलेला गट पुढच्या सभेला येत नाही. पुढच्या वेळी निवडून आलेल्या अध्यक्षाने पहिली भेट त्या गटाच्या घरी द्यावी, आणि एखादे जबाबदारीचे काम विश्वासाने त्यांच्याकडे सोपवावे, एवढीच आमची विनंती आहे.