केडगावच्या पंडिता

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, चुका सांभाळून घ्या! पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता. कारण ज्यांच्याबद्दल लिहितेय, त्यांनी अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं.

मागच्या वर्षी, ऐन सबमिशनच्या आठवड्यात, भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये पप्पांची दोन बोटं पॉवर प्रेसमध्ये गेली. हॉस्पिटलमध्ये आजी त्यांच्या उशाशी बसून प्रार्थना करायची आणि मला राग यायचा. दर रविवारी न चुकता चर्चला जाणारे आम्ही, मग हे आमच्याच वाट्याला का? आजीने वाद घातला नाही. तिने मला पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली. नंतर मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. बाईने संस्कृत शिकणं लोकांना चालत नव्हतं, त्या काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईने रमाबाईंना. गावोगाव पुराण सांगत हे कुटुंब फिरायचं. 1870 च्या दशकात दुष्काळ आणि उपासमारीत आई, वडील आणि बहीण थोड्याच काळात गेले. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी फिरत फिरत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता म्हणून गौरवलं. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी वकील बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं आणि 1882 मध्ये कॉलऱ्याने तेही गेले. रमाबाई तेव्हा 23 वर्षांच्या होत्या, म्हणजे माझ्यापेक्षा फक्त तीन वर्षांनी मोठ्या! कडेवर छोटी मनोरमा होती.

त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला आणि 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. समाजाने टाकून दिलेल्या बायकांना तिथल्या सिस्टर्स मायेने सांभाळताना त्यांनी पाहिलं. हे प्रेम येतं कुठून, हा प्रश्न त्यांना पडला. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मला वाटलं, चला, आता सगळं छान झालं असणार! पण नाही. मनाला खरी शांती लाभायला पुढे आठएक वर्षं गेली. 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. पण मुलींना ख्रिस्ती करतात असा आरोप झाला आणि 1893 मध्ये अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरी काम थांबलं नाही. 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. लहानपणी भूक म्हणजे काय ते त्यांनी सोसलं होतं ना! केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. 1900 च्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या आसपास जीव राहत होते. मुली विणायच्या, शेती करायच्या, छापखानासुद्धा चालवायच्या.

बायबलच्या भाषांतरासाठी रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कानांनी कमी ऐकू यायचं, वय साठीपुढे गेलेलं... आणि जुलै 1921 मध्ये त्यांचा उजवा हात असलेली मनोरमा गेली. एकुलती एक लेक. तरी भाषांतराचं काम चालूच राहिलं. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं.

मित्रांनो, श्रद्धेमुळे रमाबाईंचं एकही मरण टळलं नाही. पण प्रत्येक दुःखात आपल्यासोबत कोणीतरी आहे, हा विश्वास त्यांना मिळाला. त्या बळावर त्या दुसऱ्याच्या दुःखाजवळ जाऊन बसू शकल्या. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, पण आता आजी प्रार्थनेला बसली की मी खोलीतून उठून जात नाही.

पप्पा सध्या चाकणला एका कंपनीत स्टोअर सांभाळतात. पेन नव्याने धरायला शिकले. त्यांच्याच डिपार्टमेंटमधल्या एका पोराचा हात मशीनमध्ये सापडला, तेव्हा हॉस्पिटलमध्ये रात्रभर त्याच्याजवळ पप्पाच थांबले होते.

मुक्ती मिशन आजही चालू आहे. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने केडगावला उतरा आणि एकदा बघून या!