फळबागेचा सेंद्रिय कर्ब आणि अल्बर्ट हॉवर्ड

छाटणीनंतर द्राक्षाच्या काड्या बांधावर पेटवता ना? जमिनीत मुरणारा कर्ब त्या धुरात जातो.

अल्बर्ट हॉवर्ड (१८७३-१९४७) हे इंग्लंडमधील शेतकरी कुटुंबातले. १९०५ मध्ये ते बिहारमधील पुसा येथे आले. फळझाडांची मुळे उकरून पाहिली. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, हे ओळखले. क्वेट्ट्यात ओलिताच्या फळबागांवरही काम केले. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ, कामात बरोबरीच्या. त्यांचे नाव मात्र मागे पडले.

१९२४ पासून इंदूर. तिथे पऱ्हाट्या कुजेनात. त्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चेचल्या, गोठ्यात अंथरल्या, मग शेण, मूत्र मुरलेली माती आणि राखेसह खड्ड्यात थर दिले. पाणी, उलथणी, साधारण तीन महिन्यांत कंपोस्ट तयार. तुमच्या काड्याही अख्ख्या पुरू नका, आधी बारीक करा.