रुईच्या फुलांची राणी

गेल्या मे महिन्यात इथे स्टेट कॉलेजला, विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात, हवाईहून आलेल्या एका मुलाच्या गळ्यात चक्क रुईच्या फुलांची माळ दिसली. आपण शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो, तीच रुई! त्याची आजी सोबत होती. तिने सांगितलं, हवाईत हे मुकुटफूल. राजेपणाची खूण, राणी लिलिउओकलानीचं लाडकं. मग मी या राणीबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

ती जन्मली १८३८ मध्ये, होनोलुलूत. ‘अलोहा ओए’ हे जगभर गाजलेलं गाणं तिचंच. भाऊ, राजा कलाकौआ वारल्यावर १८९१ मध्ये ती गादीवर आली. गादीचे गेलेले अधिकार परत आणणारी राज्यघटना तिला हवी होती. ते तिथल्या गोऱ्या व्यापारी-वकिलांना खपलं नाही. जानेवारी १८९३ मध्ये त्यांनी सत्ता बळकावली. अमेरिकी नौसैनिक शहरात उतरलेले. रक्तपात नको म्हणून राणीने माघार घेतली.

पुढच्याच वर्षी तिच्या माणसांनी होनोलुलूजवळ पाउओआत एक बाग लावली, उलुहाइमालामा. दिसायला साधं वृक्षारोपण, पण लावलेल्या रोपांना अर्थ होते. काळ्या मातीतून रोप उजेडात येतं, तसा देशही येईल, हा आशय बागेच्या नावातच होता. सभा बंद पाडता येते. रोप लावण्यावर बंदी कशी घालणार?

१८९५ मध्ये राणीच्या समर्थकांचा उठाव फसला. राणीला तिच्याच इओलानी राजवाड्यातल्या एका खोलीत कैद झाली. वर्तमानपत्रं बंद. मग बाहेरून तिच्या बागेतली फुलं येऊ लागली, वर्तमानपत्रात गुंडाळून! आपल्या फुलपुडीसारखीच. पहाऱ्यावरच्यांना फुलं दिसायची, राणी कागद वाचायची. त्या फुलांवर तिने तिथेच गाणंही रचलं.

सुमारे आठ महिन्यांनी ती खोलीतून सुटली, पण राज्य काही परत मिळालं नाही. १८९८ मध्ये अमेरिकेने हवाई आपल्यात सामील करून घेतलं. १९१७ मध्ये राणी गेली. अमेरिकेच्या संसदेने माफी मागितली, ती थेट १९९३ मध्ये.

रुई मूळची आपल्या बाजूची, हवाईला परकीच. आपल्याकडे ती माळरानावर आपोआप उगवते, कुणी मुद्दाम लावत नाही. तिथे मात्र राज्य गेलेल्या राणीचा मुकुट आजही तीच सांभाळते आहे.