गॅस्तों प्लांते : तुमच्या यूपीएसमधल्या बॅटरीचा जन्मदाता

घरच्या कॉम्प्युटरसाठी कोणता यूपीएस घेऊ, हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे घरातल्या प्रत्येक प्लग लावायच्या वस्तूचा तज्ज्ञ मीच, असा नातेवाईकांचा समज आहे. प्रश्न विचारणारे बहुतेक जण व्हीए, वॅट आणि किंमत बघतात. डब्याच्या आत काय बसलंय, हे फारसं कोणी विचारत नाही.

आत एक जड, काळा, विटेएवढा ठोकळा असतो. त्यावर बहुतेक वेळा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर असं लिहिलेलं असतं. ही लेड-अ‍ॅसिड बॅटरी, म्हणजे शिसं आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिड. मोबाइलमध्ये लिथियम येऊन जमाना झाला, पण स्वस्त यूपीएसमध्ये आजही १८५९ सालचंच तंत्र चालतं. ते ज्यांनी शोधलं त्यांचं नाव गॅस्तों प्लांते. बॅटरीच्या पुस्तकात हे नाव हमखास भेटतं, पण माणूस भेटत नाही. आज त्यांची गोष्ट सांगतो. ती कळली की यूपीएस निवडणं आणि सांभाळणं बरंच सोपं होतं.

पियानोवाल्या घरातला मुलगा

प्लांते यांचा जन्म २२ एप्रिल १८३४ चा. गाव ऑर्थेझ, फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, पिरेनीज डोंगरांच्या जवळ. धाकटा भाऊ फ्रान्सिस पुढे युरोपभर गाजलेला पियानोवादक झाला. गॅस्तों मात्र विज्ञानाकडे वळले. १८५४ मध्ये, म्हणजे विशीत, ते पॅरिसच्या कला आणि उद्योग संस्थेत पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागले. तिथे त्यांचे वरिष्ठ होते एदमों बेकरेल. हे तेच बेकरेल, ज्यांनी १८३९ मध्ये प्रकाशातून वीज निर्माण होते हे दाखवलं होतं. आज छतावर दिसणाऱ्या सोलर पॅनलची सुरुवात तिथली. सोलर आणि बॅटरी, दोन्हींच्या गोष्टी अशा एकमेकींशी जोडलेल्या आहेत!

आधी सापडला पक्षी

प्लांते यांचं नाव पहिल्यांदा गाजलं ते विजेमुळे नाही, तर एका हाडामुळे. १८५५ मध्ये पॅरिसजवळच्या म्यूदों इथे त्यांना एका नामशेष पक्ष्याचे जीवाश्म सापडले. हा माणसाच्या उंचीचा, उडू न शकणारा प्रचंड पक्षी होता. शास्त्रज्ञांनी त्याला गॅस्टॉर्निस असं नाव दिलं, म्हणजे गॅस्तोंचा पक्षी. एकविसाव्या वर्षी आपल्या नावाचा पक्षी असलेला माणूस जीवाश्मांमागेच लागला असता तरी कोणी नवल केलं नसतं. पण प्लांते परत तारा आणि अ‍ॅसिडकडे आले.

अडचणीतून निघालेला शोध

त्या काळी वीज म्हणजे रासायनिक सेल. व्होल्टाने १८०० मध्ये पहिली बॅटरी केली, त्यानंतर सुधारणा झाल्या, पण एक गोष्ट बदलली नव्हती. सेलमधला धातू खर्च झाला की सेल संपला. आपल्या रिमोटमधल्या सेलसारखंच, वापरा आणि टाका.

दुसरी कटकट म्हणजे ध्रुवीकरण. सेलमधून प्रवाह वाहू लागला की धातूच्या पट्ट्यांवर वायूचे थर जमतात आणि उलट दिशेचा एक दाब तयार होतो. प्रवाह मंदावतो. सगळ्यांच्या दृष्टीने हा दोष होता, तो कसा घालवायचा यावर डोकी खपत होती.

प्लांते यांनी प्रश्न फिरवला. उलटा दाब तयार होतो, म्हणजे आत काहीतरी साठतंय. मग ते जास्तीत जास्त कसं साठवता येईल? ही कल्पना अगदीच नवी नव्हती. १८०३ च्या सुमारास रिटर यांनी असा साठवणारा रचनास्तंभ केला होता आणि १८५४ मध्ये सिन्स्टेडेन यांना शिशाच्या पट्ट्यांमध्ये हा परिणाम दिसला होता. पण प्लांते यांनी ते शिस्तीत केलं. वेगवेगळे धातू घेतले, एकेक तपासला, आणि निष्कर्ष निघाला की सौम्य सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये ठेवलेलं शिसं सगळ्यांत भारी.

१८५९ मध्ये त्यांनी केलेली रचना घरात करून बघावी इतकी साधी होती (पण करू नका, अ‍ॅसिड आहे). शिशाचे दोन लांब पत्रे घेतले, एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये रबराच्या पट्ट्या ठेवल्या, सुरळीच्या वडीसारखी गुंडाळी केली आणि अ‍ॅसिडच्या काचेच्या बरणीत बुडवली. बाहेरून वीज दिली की एका पत्र्यावर लेड डायऑक्साइडचा तपकिरी थर तयार होतो, दुसऱ्यावर शुद्ध शिसं राहतं. वीज काढून घेताना दोन्हींवर लेड सल्फेट जमतं. पुन्हा वीज द्या, रसायनं पुन्हा मूळ जागी. जगातली पहिली व्यवहारात उपयोगी पडणारी रिचार्जेबल बॅटरी ती हीच.

१८६० मध्ये त्यांनी अशा ९ सेलची बॅटरी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे ठेवली. एक सेल साधारण २ व्होल्ट देतो. तुमच्या यूपीएसच्या बॅटरीतही असेच ६ सेल एका रांगेत असतात, म्हणूनच ती १२ व्होल्टची.

बॅटरीला सवय लावावी लागे

आता खरी मेहनत. गुळगुळीत शिशाचा नुसता पृष्ठभाग काम करतो, त्यामुळे नवी बॅटरी अगदी थोडी वीज साठवायची. प्लांते यांच्या लक्षात आलं की ती वापरून वापरून सुधारते. चार्ज करा, रिकामी करा, उलट दिशेने चार्ज करा, विश्रांती द्या, पुन्हा करा. प्रत्येक फेरीत शिसं थोडं आतपर्यंत सच्छिद्र, स्पंजासारखं होतं आणि साठवण वाढते. याला फॉर्मेशन म्हणतात, आणि प्लांते यांच्या पद्धतीने त्याला महिने लागायचे.

शिवाय चार्ज करायचं कशावर? घरात प्लग नव्हता. चांगलं जनित्रही नव्हतं. झेनोब ग्राम यांचा व्यवहारात चालणारा डायनामो १८७१ चा. तोपर्यंत प्लांते आपली बॅटरी बुन्सेन सेलवर चार्ज करत होते, म्हणजे जस्त खर्च करून महागडी वीज बनवायची आणि ती शिशात भरायची. गावात नळ यायच्या आधीच कोणीतरी गच्चीवर टाकी बांधून ठेवावी, तशी ही अवस्था होती. टाकी उत्तम, पाण्याचाच पत्ता नाही.

ही वाट थोडीथोडकी नव्हती, जवळपास वीस वर्षांची होती. या काळात बॅटरीचा मोठा धंदा उभा राहिला नाही. डॉक्टरांना जखम डागायला तापलेली तार हवी असे, तिथे ती वापरली गेली. प्लांते यांनी तिच्यावर चालणारा एक विजेचा लायटरही बनवला आणि त्याला शनीचं नाव दिलं, कारण जुन्या किमयागारांच्या लेखी शिसं हा शनीचा धातू.

आठशे सेल आणि घरातली वीज

मागणी नव्हती म्हणून ते थांबले नाहीत. त्यांनी तब्बल ८०० सेल एकत्र जोडले. एका सेलचे २ व्होल्ट धरले तर हे सुमारे १६०० व्होल्ट झाले. १८७७ मध्ये त्यांनी आणखी एक यंत्र केलं. त्यात अभ्रकाचे अनेक कपॅसिटर समांतर जोडून बॅटरीवर चार्ज करायचे, मग एका फिरत्या दंडगोलाने झटक्यात ते एकामागोमाग एक असे जोडायचे. व्होल्टेज कित्येक पटींनी वाढून लांब ठिणग्या उडत. त्यातून त्यांनी आकाशातली वीज, गोलाकार वीज आणि ध्रुवीय प्रकाश यांच्यासारखे परिणाम टेबलावर तयार करून अभ्यासले. १८७९ मध्ये हे सगळं काम त्यांनी पुस्तकरूपात प्रसिद्ध केलं.

१८८१ : फासे पलटले

मग कामिय फोर नावाच्या दुसऱ्या फ्रेंच इंजिनिअरने वेळेचा प्रश्न सोडवला. महिनोन् महिने शिसं मुरवत बसण्यापेक्षा शिशाच्या ऑक्साइडची पेस्ट थेट प्लेटवर थापली तर? १८८१ मध्ये फोर यांनी हे करून दाखवलं. साठवण वाढली, बनवायचा वेळ घटला, कारखान्यात बॅटरी बनवणं शक्य झालं. तोवर डायनामोही आले होते आणि विजेचे दिवेही. त्याच वर्षी पॅरिसमध्ये विजेचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं आणि गुस्ताव त्रूवे यांनी पॅरिसच्या रस्त्यावर बॅटरीवर चालणारी तीनचाकी पळवली. टाकीला पाणी मिळालं!

फोर यांच्यामुळे प्लांते मागे पडले का? माझ्या मते नाही. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर फोर यांनी परफॉर्मन्स सुधारला, आर्किटेक्चर प्लांते यांचंच राहिलं. शिसं, लेड डायऑक्साइड आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिड, यातलं काहीच बदललं नाही. २१ मे १८८९ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी प्लांते गेले. गाड्या, टेलिफोन एक्सचेंज, पाणबुड्या, घरोघरचे इन्व्हर्टर, हे सगळं त्यांच्या बॅटरीचं पुढचं आयुष्य.

आता यूपीएस घेताना

प्लांते यांच्या बरणीतले गुणदोष आजच्या ठोकळ्यातही आहेत. त्यामुळे यूपीएस निवडताना मी पुढच्या गोष्टी बघतो.

१. व्हीए नाही, वॅट बघा. डब्यावर मोठ्या अक्षरात ६०० व्हीए असतं, पण असा यूपीएस बहुतेक वेळा ३६० वॅटच झेपवतो. साधा डेस्कटॉप, मॉनिटर आणि राउटर मिळून १५० वॅटच्या आसपास जातात, त्यांना हा पुरतो. मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर १००० व्हीए किंवा जास्तीकडे जा. लेझर प्रिंटर यूपीएसच्या बॅटरीवाल्या सॉकेटला लावूच नका, तो तापताना एकदम खूप करंट ओढतो.

२. वेळेचा हिशोब बॅटरीवरून करा. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॅट-अवर. मग १५० वॅटला अर्धा तास मिळायला हवा ना? नाही मिळत. वीज जितक्या जोरात ओढाल तितकी लेड-अ‍ॅसिड बॅटरी कमी देते, कारण आतपर्यंतच्या रसायनाला भाग घ्यायला वेळच मिळत नाही. वर यूपीएस स्वतः थोडी खातो. बॅटरी नवी असताना १० ते १५ मिनिटं धरा. एवढ्यात फाइल सेव्ह करून नीट शटडाउन करायचं, यूपीएस त्यासाठीच आहे. दोन तास काम करायचं असेल तर मोठी बॅटरी असलेला इन्व्हर्टर घ्या आणि तो यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर तो सुरू व्हायच्या आत पीसी रीस्टार्ट होऊ शकतो.

३. रिकामी ठेवू नका. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की लेड सल्फेटचे खडे घट्ट होतात आणि पुन्हा विरघळत नाहीत. दिवाळीला महिनाभर गावी जाणार असाल तर आधी पूर्ण चार्ज करा. विकत घेतानाही बॅटरीच्या उत्पादनाची तारीख बघा. दुकानात वर्षभर धूळ खाल्लेला स्वस्त यूपीएस शेवटी महाग पडतो.

४. उन्हापासून लांब ठेवा. तापमान दर १० अंशांनी वाढलं की अशा बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. सीपीयूच्या गरम हवेच्या झोतात किंवा बंद कपाटात यूपीएस कोंबू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात २-३ वर्षांनी बॅटरी बदलावी लागेल हे धरूनच चला. म्हणून बॅटरी सहज बदलता येईल असंच मॉडेल घ्या. अख्खा यूपीएस टाकायची गरज नसते.

५. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या. शिसं विषारी आहे, विशेषतः लहान मुलांसाठी. पण ते वितळवून पुन्हा नव्या बॅटरीत वापरता येतं. भारतात २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. भंगारात फेकण्यापेक्षा नव्या बॅटरीच्या बदल्यात ती द्या, थोडे पैसेही सुटतात.

आता तुम्ही विचाराल, लिथियमवाला यूपीएस का नाही? जरूर बघा, तो हलका असतो आणि जास्त वर्षं टिकतो, राउटरसाठीचे छोटे यूपीएस तर आता बहुतेक लिथियमवरच असतात. पण डेस्कटॉपच्या यूपीएसचं काम म्हणजे महिनोन् महिने चार्ज होऊन गुपचूप बसायचं आणि वेळ आली की दहा मिनिटं दणकून करंट द्यायचा. या कामाला लेड-अ‍ॅसिड अजून स्वस्तात पुरून उरते. तुमचा प्रोजेक्ट रिपोर्ट सबमिट व्हायला दोन मिनिटं असताना लाइट गेली, तर तेवढी दहा मिनिटं तुम्हाला देणारं रसायन प्लांते यांचंच असेल.