कोण होत्या मारिया मेरियन? फुलांच्या चित्रवर्गातून थेट सुरिनामच्या जंगलात
जर्मनीत १६४७ मध्ये जन्मलेल्या मारिया सिबिला मेरियन यांनी न्यूरेंबर्ग शहरात मुलींचा गट जमवला. त्यांना त्या फुलांची चित्रे आणि भरतकाम शिकवत.

किडे चिखलातून आपोआप जन्मतात, असा त्या काळी समज होता. मेरियन यांनी घरीच सुरवंट पाळले. अंडे, अळी, कोष आणि फुलपाखरू त्यांनी त्याच वनस्पतीसह एका चित्रात दाखवले.

१६९९ मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी, आपली चित्रे विकून त्या धाकट्या मुलीसह दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला गेल्या. आजारपणामुळे १७०१ मध्ये परतावे लागले. तरीही १७०५ मध्ये त्यांनी ६० चित्रांचा ग्रंथ काढला. १७१७ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे लिनियसने प्रजातींना नावे देताना याच चित्रांचा आधार घेतला.