खुर्ची सुटली, काम सुटले नाही

आपण मंडळी गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी दारोदार फिरत असतो, त्याच सुमारास बंगळूरच्या कारखान्यांत आणि कॉलेजांत एका तसबिरीला हार चढतो. डोक्याला म्हैसुरी फेटा, अंगात कडक इस्त्रीचा कोट, नजर सरळ. १५ सप्टेंबर हा सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस. देशभर तो अभियंता दिन म्हणून पाळला जातो. त्यांच्या वक्तशीरपणाच्या आणि दोन मेणबत्त्यांच्या गोष्टी आपण सर्वांनी शाळेपासून ऐकल्या आहेत, त्या मी पुन्हा सांगत नाही. मला सांगायचे आहे ते थोडे वेगळे आणि माझ्या गरजेतून आलेले आहे.

मी मूळचा नाशिकचा. १९८४ साली डिप्लोमाची सर्टिफिकेटे आणि वळकटी घेऊन बंगळूरला उतरलो आणि इथल्या एका कारखान्यात चिकटलो. २०२१ साली निवृत्त झालो. शाल, श्रीफळ, भाषणे सगळे यथासांग झाले. आठ दिवसांनी सकाळी साडेसहाला सवयीने बूट घालून मी दारात उभा राहिलो आणि कुठे जायचे तेच कळेना. गळ्यातले ओळखपत्र गेले तसा मीच कुठेतरी गेलो असे वाटू लागले. चिडचिड वाढली. सौभाग्यवतींनी माळा आवरायला काढला, तेव्हा माझ्या सदतीस वर्षांच्या खिशातल्या डायऱ्या निघाल्या. मशीन कुठे अडले, का अडले, कसे सुटले, याच्या नोंदी. मीच म्हणालो की रद्दीत टाक, आता कोणाला हव्यात!

त्याच दिवसांत एका मित्राने विश्वेश्वरय्यांचे १९५१ साली प्रसिद्ध झालेले आत्मवृत्त वाचायला दिले. पुस्तक इंग्रजीत आहे. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ होतो, माझ्या कामाच्या आयुष्यातील आठवणी. नाव अगदी खरे आहे. घरदार, दुःखे, आजार यांचा त्यात जवळजवळ पत्ताच नाही. आहे ते फक्त काम. आधी मला ते रुक्ष वाटले. मग एक गोष्ट लक्षात आली आणि मी वाचतच राहिलो.

हा माणूस नोकरीला लागला तो आमच्या नाशिकला! चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळीत जन्म, लहानपणीच पितृछत्र हरपलेले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकवण्या करून त्यांनी बी.ए. केले, म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंजिनिअरिंग पूर्ण केले, तेही पहिल्या क्रमांकाने. १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक नाशिकला झाली. ते इकडून तिकडे गेले, मी बरोबर शंभर वर्षांनी तिकडून इकडे आलो. मोठ्या माणसाशी बरोबरी नव्हे, पण तेवढ्याने ते मला शेजारचे वाटू लागले.

त्यांची जवळजवळ पंचवीस वर्षे मुंबई इलाख्यात गेली. खानदेशात पांझरेच्या मुलखात नळाचा सायफन घालून पाणी पलीकडे नेले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. तिथल्या सक्करला सिंधू नदीच्या गढूळ पाण्यापासून शुद्ध पाणीपुरवठा उभा केला. पुण्यात न्यायमूर्ती रानडे, गोखले यांचा सहवास लाभला. १८९९ च्या सुमारास दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक पद्धत सुरू केली. एकाच गावाने सगळे पाणी उसाला ओढू नये, जमिनीचे गट पाडून पिके आळीपाळीने घ्यावीत आणि तेवढ्याच पाण्यात जास्त शेतकऱ्यांचे भागावे, असा तिचा हेतू. १९०३ साली खडकवासल्याला त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. पूर आला की ते आपोआप उघडत, ओसरला की आपोआप मिटत. भिंत न वाढवता धरणात जादा पाणी मावू लागले. पुण्याला नळाखाली बादली लावणाऱ्या आपल्या आजी-पणजींपर्यंत या माणसाचे काम पोचले होते.

आणि तरी १९०८ साली त्यांनी ती नोकरी सोडली. हिंदी माणसाने मुख्य अभियंत्याच्या खुर्चीवर बसावे असा तो काळ नव्हता. ही त्यांची पहिली सुटलेली खुर्ची. त्याच वर्षी हैदराबादला मुसी नदीच्या पुराने हाहाकार उडवला. निजाम सरकारने त्यांना बोलावून घेतले आणि शहराच्या पूरनियंत्रणाची योजना त्यांनी आखून दिली. १९०९ च्या अखेरीस ते म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ साली दिवाण.

पुढचे बरेचसे आपण बंगळूरकर रोज वापरतो. कावेरीवरचे कृष्णराजसागर धरण, १९१३ ची म्हैसूर बँक, १९१५ ची कन्नड साहित्य परिषद, १९१६ चे म्हैसूर विद्यापीठ, १९१७ चे के. आर. सर्कलजवळचे इंजिनिअरिंग कॉलेज. सहा वर्षांच्या दिवाणगिरीत एवढे सगळे मार्गी लागले.

मग १९१८ साल उजाडले. मागासलेल्या वर्गांना सरकारी नोकऱ्यांत खास सवलत देण्याच्या प्रश्नावर महाराजांशी त्यांचे पटले नाही. निवड फक्त गुणवत्तेवर व्हावी, हे त्यांचे मत. ज्यांना शाळेची पायरीच चढू दिली नव्हती, त्यांनी गुणवत्ता कुठून आणायची, हा प्रश्न त्यांनी पुरेसा विचारात घेतला नाही, असे मला वाटते. थोर माणसाचीही प्रत्येक गोष्ट शिरोधार्य मानायला नको. पण दिवाणपद त्यांनी सोडले, हे खरे. वय सत्तावन्न-अठ्ठावन्न. म्हणजे जवळपास माझ्याच निवृत्तीचे वय!

इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. कारण या माणसाचे आयुष्य इथे संपत नाही, अजून चव्वेचाळीस वर्षे बाकी आहेत. दिवाणखान्यात जुनी सन्मानपत्रे लावून, लोक विसरले म्हणून कुढत बसायला भरपूर अवधी होता. त्यांनी काय केले? लिहायला घेतले. १९२० साली देशाच्या पुनर्रचनेवरचे पुस्तक आले. १९३४ साली भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्था मांडणारे पुस्तक आले, तेही इथे बंगळूरलाच छापलेले. दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट कसे करता येईल, याचा त्यात आराखडा आहे. आपली पहिली पंचवार्षिक योजना १९५१ ची, म्हणजे सतरा वर्षांनंतरची.

लिहिता लिहिता हातांनाही विसावा नव्हता. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना अडचणीत असताना त्याची धुरा त्यांनी घेतली. आपल्या मानधनाच्या रकमेतून बंगळूरला तंत्रशिक्षणाची संस्था काढायला लावली आणि तिला नाव दिले महाराजांचे. मोटारींचा कारखाना देशात निघावा म्हणून सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्याबरोबर खटपट केली. याच वालचंदांच्या पुढाकाराने १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना निघाला. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांची इथली पहिली भाकरी त्याच कारखान्याच्या पगारातली आहे. नव्वदी उलटल्यावर गंगेवरच्या मोकामा पुलाची जागा ठरवणाऱ्या समितीचे काम त्यांनी केले. १९५५ साली भारतरत्न मिळाले. १४ एप्रिल १९६२ रोजी, वयाची शंभरी ओलांडून, बंगळूरलाच त्यांनी देह ठेवला.

त्यांची पुस्तके म्हणजे ललित लेखन नव्हे. आकडे, तक्ते, योजना, म्हणजे आपण ऑफिसात रिपोर्ट लिहितो तसेच. पण त्यातूनच मला उलगडा झाला. त्यांना लेखन हा निवृत्तीनंतरचा छंद नव्हता, ते कामच होते. धरण बांधताना पाणी अडवायचे, लिहिताना अनुभव अडवायचा. नाहीतर दोन्ही वाहून जातात. खुर्ची दुसऱ्याने दिलेली असते, म्हणून ती जाते. काम आपले असते, ते आपण टाकेपर्यंत जात नाही.

मागच्या वर्षी आम्ही पाच-सहा जण मुद्देनहळ्ळीला गेलो होतो. बंगळूरपासून साधारण साठ किलोमीटर, नंदी डोंगराच्या परिसरात त्यांची समाधी आहे. त्यांच्या घराचे आता संग्रहालय केले आहे. परत येताना गाडीत मंडळी इडली कुठे खायची यावर वाद घालत होती. मी मात्र घरी फोन करून डायऱ्या रद्दीवाल्याकडे गेल्या का, ते विचारले. गेल्या नव्हत्या. सौभाग्यवतींनी त्या एका जुन्या सुटकेसमध्ये ठेवल्या होत्या. सदतीस वर्षांत तिने माझे एवढेच ऐकले नाही, आणि नेमके तेच बरे झाले.

आता रोज सकाळी दोन तास मी त्या नोंदी उतरवून काढतो. अकरा डायऱ्या झाल्या. जुन्या खात्यातली दोन तरुण मुले रविवारी येतात, शंका विचारतात, कधी माझीच चूक दाखवतात. पुस्तक होईल न होईल. साडेसहाला बूट घालायची गरज मात्र आता वाटत नाही.

आपल्या मंडळात स्वयंपाकी आहेत, नर्सबाई आहेत, शिक्षक आहेत, लेथवर आयुष्य काढलेले कारागीर आहेत. प्रत्येकाजवळ अशी एक सुटकेस असणार. ज्या देवतेची आपण स्थापना करतो, त्याने व्यासांसाठी महाभारत लिहून घेतले असे आपण मानतो. विसर्जनानंतर मांडव उतरला की निवांत वेळ मिळेल. तेव्हा तेवढी सुटकेस उघडावी, ही नम्र विनंती.

गणपती बाप्पा मोरया!